सुरक्षित म्हणजे किती? बिकिनी आणि रोंगेलॅप बेटांच्या परतीचा इतिहास

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेस, मार्शल बेटे नावाचा एक छोटा देश आहे. २९ कंकणद्वीपे आणि ५ सुटी बेटे एवढाच त्याचा पसारा. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळांनी समुद्रात उभारलेले कडे. कड्याच्या आत शांत पाणी, बाहेर उसळता सागर आणि त्या कड्यावर नारळांनी झाकलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या. मासे, नारळ, निरफणस आणि आपल्या केवड्याच्या कुळातील पँडानसची फळे यांवर तेथील माणसांनी शतकानुशतके गुजराण केली. १८५७ साली अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी तेथे पोहोचले आणि पुढे ही बेटे ख्रिस्ती झाली.

या बेटांचे नाव जगाला कळले ते अणुबाँबमुळे. स्फोटांचे वर्णन अनेकांनी केले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्यानंतरच्या, कमी ज्ञात असलेल्या कहाणीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. घर सोडून गेलेल्या माणसांना परत पाठवताना ‘ही जमीन आता सुरक्षित आहे’ असे कोणीतरी म्हणावे लागते. ते कोणी म्हणावे, कशाच्या आधारावर म्हणावे आणि ते चुकीचे ठरल्यास त्याचे फळ कोणी भोगावे? मार्शल बेटांत या प्रश्नांची उत्तरे तीन वेळा शोधली गेली. त्यांपैकी दोन वेळा ती चुकली.

प्रारंभ १९४६ सालचा. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि बेटे अमेरिकन आरमाराच्या ताब्यात होती. फेब्रुवारी महिन्यातील एका रविवारी, उपासना आटोपल्यावर, लष्करी प्रशासक कमोडोर बेन वायट यांनी बिकिनी येथील लोकांना एकत्र बसवले. मानवजातीच्या कल्याणासाठी आणि सर्व युद्धांचा शेवट करण्यासाठी आपण आपले द्वीप तात्पुरते सोडाल काय, असे त्यांनी विचारले. शत्रूपासून सोडवून परमेश्वराने ज्यांना वचनदत्त भूमीकडे नेले, त्या इस्राएल लोकांशी त्यांनी बिकिनीकरांची तुलना केली. लोकांचा प्रमुख ज्यूडा याने विचारविनिमय करून उत्तर दिले: सर्व काही देवाच्या हाती आहे असे मानून आम्ही जाऊ.

निर्गमाची कथा आपल्याला ठाऊक आहे. इस्राएल लोक दास्याच्या भूमीतून बाहेर पडले होते. बिकिनीच्या १६७ माणसांना स्वतःचे घर सोडायचे होते. मार्च १९४६ मध्ये आरमाराच्या जहाजाने त्यांना रोंगेरिक नावाच्या निर्जन कंकणद्वीपावर नेऊन सोडले. तेथे नारळ कमी आणि मासे बेभरवशाचे. १९४८ च्या जानेवारीत मानववंशशास्त्रज्ञ लेनर्ड मेसन तेथे गेले, तेव्हा लोक उपासमारीने खंगलेले त्यांना आढळले. मग काही महिने क्वाजालेन येथील तंबूंत काढल्यावर, नोव्हेंबर १९४८ मध्ये, त्यांना किली या बेटावर वसवण्यात आले. किलीचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरही नाही. तेथे कंकणद्वीपासारखे आतले शांत पाणी नाही; वर्षातले कित्येक महिने समुद्र असा खवळलेला असतो की होडी लोटता येत नाही. दर्यावर मोठे झालेले लोक दर्याच्या काठीच कैदी झाले.

१९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांत एकूण ६७ अणुचाचण्या झाल्या. त्यांपैकी २३ बिकिनी येथे. १ मार्च १९५४ रोजी पहाटे बिकिनीवर ‘ब्राव्हो’ या नावाने हायड्रोजन बाँबचा स्फोट करण्यात आला. शास्त्रज्ञांनी सुमारे ६ मेगाटन शक्ती अपेक्षिली होती. ती निघाली १५ मेगाटन. वाऱ्याने किरणोत्सारी राख पूर्वेकडे वाहून नेली आणि दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या रोंगेलॅपवर ती भुकटीसारखी पडू लागली. मुले त्या पांढऱ्या राखेत खेळली. पाण्यात, अन्नावर, केसांत ती बसली. रात्र होईतो उलट्या सुरू झाल्या, कातडी भाजली, पुढे केस गळले. रोंगेलॅप आणि शेजारच्या आयलिंगिनाय येथील मिळून ८२ लोकांना तेथून हलवले गेले ते तिसऱ्या दिवशी. त्याच राखेत सापडलेल्या ‘फुकुर्यु मारू’ या जपानी मच्छीमार नौकेचा बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला.

जगभर खळबळ उडाली. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित करण्याची मागणी केली. त्याच महिन्यात पोप बारावे पायस यांनी आपल्या ईस्टर संदेशात वातावरण, भूमी आणि महासागर दूषित करू शकणाऱ्या या नव्या शस्त्रांविषयी इशारा दिला. मार्शल बेटांतील लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज धाडला, कारण ही बेटे राष्ट्रसंघटनेने अमेरिकेकडे विश्वस्त म्हणून सोपवलेली होती. विश्वस्ताने सांभाळायची ठेव होती ती! चाचण्या मात्र आणखी चार वर्षे चालू राहिल्या.

आता पहिल्या परतीकडे वळू. १९५७ साली, अवघ्या तीन वर्षांनी, अमेरिकन अणुऊर्जा आयोगाने रोंगेलॅप राहण्यास योग्य ठरवले. नवी घरे बांधून दिली गेली आणि लोक परतले; स्फोटाच्या वेळी बेटावर नसलेले नातेवाईकही त्यांच्यासोबत आले. यामागे काय विचार होता, याची एक झलक १९५६ च्या जानेवारीत आयोगाच्या सल्लागार समितीपुढे झालेल्या चर्चेत मिळते. आयोगाच्या आरोग्य व सुरक्षा प्रयोगशाळेचे प्रमुख मेरिल आयझेनबड यांनी तेथे सांगितले की, दूषित परिसरात राहणाऱ्या माणसांच्या शरीरात किती किरणोत्सारी द्रव्य जाते, हे मोजणे फार उद्बोधक ठरेल. हे लोक आपल्यासारखे सुसंस्कृत जीवन जगत नाहीत हे खरे, तरी उंदरांपेक्षा ते आपल्याला अधिक जवळचे आहेत, असेही ते म्हणाले. ज्यांच्या सुरक्षिततेचा निवाडा करायचा, तीच माणसे निवाडा करणाऱ्यांच्या दृष्टीने मोजमापाचे साधन झाली होती.

परतल्यानंतर रोंगेलॅपकरांच्या शरीरातील किरणोत्सारी द्रव्ये अनेक पटींनी वाढली. दरवर्षी डॉक्टर जहाजाने येत, रक्त व लघवी तपासून निघून जात. झाडावर चढणारा नारळखेकडा हे बेटकऱ्यांचे आवडते अन्न. तो खाऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. १९६३ पासून मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत गाठी दिसू लागल्या. ब्राव्होच्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या रोंगेलॅपच्या बहुतेक मुलांना पुढे हा विकार झाला. बेटाचे दंडाधिकारी जॉन अंजाइन यांचा मुलगा त्या दिवशी एक वर्षाचा होता. १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने तो मरण पावला.

दुसरी परत बिकिनीची. १९६८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घोषणा केली की बिकिनी आता सुरक्षित आहे आणि तिचे लोक घरी जाऊ शकतात. तज्ज्ञांच्या समितीने तसा अहवाल दिला होता. भंगार हटवले गेले, हजारो नारळ लावले गेले, घरे उभी राहिली. बिकिनीकरांच्या पंचायतीला मात्र शंका होती आणि सर्वांनी मिळून परतण्याचा निर्णय तिने घेतला नाही. १९७२ पासून काही कुटुंबे आपल्या जबाबदारीवर तेथे राहू लागली.

येथे थोडे विज्ञान समजून घेणे आवश्यक आहे. स्फोटानंतरची बहुतेक किरणोत्सारी द्रव्ये लवकर नाहीशी होतात. उरतात ती दीर्घायुषी. त्यांत या बेटांसाठी सर्वांत महत्त्वाचे सिझियम-१३७. त्याचे अर्धायुष्य ३० वर्षे, म्हणजे तीस वर्षांनी ते निम्मे उरते. आपल्याकडील चिकणमाती सिझियमला घट्ट धरून ठेवते. प्रवाळाच्या चुनखडी वाळूत चिकणमाती नसते. शिवाय त्या जमिनीत पालाश अत्यंत कमी असते. सिझियम हे रासायनिक गुणांनी पालाशाचे भावंड. पालाशासाठी भुकेलेले झाड ते मुळांतून शोषून घेते आणि नारळाच्या पाण्यात व खोबऱ्यात साठवते. म्हणून यंत्र घेऊन बेटावर नुसते फिरले तर आकडे फारसे भयावह दिसत नाहीत. धोका हवेत कमी आणि ताटात अधिक. पुढील अभ्यासांत असे दिसले की बिकिनीवर राहणाऱ्या माणसाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचा सुमारे ९० टक्के भाग जमिनीवर पिकणाऱ्या अन्नातील सिझियममधून येतो.

१९६८ च्या हिशेबात नेमके हेच फसले. माणूस किती नारळ खाईल याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच कमी धरला गेला. नारळाच्या सावलीत राहणाऱ्यांना या चुकीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. त्या बेटांवर शहाळे हे पाणी आहे, खोबरे हे जेवण आहे, आणि बाळाचे दूध सुटताना त्याच्या ओठांना प्रथम लागते तेही नारळाचेच. दूर देशातील कचेरीत बसून ज्यांनी आकडा लिहिला, त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारला असता तर तो दुरुस्त झाला असता.

१९७५ मध्ये नव्या मोजणीत पूर्वीपेक्षा अधिक किरणोत्सर्ग आढळला. काही विहिरींचे पाणी आणि काही फळे वापरण्यास अयोग्य ठरली. त्याच वर्षी बिकिनीकरांनी अमेरिकन न्यायालयात दावा लावून संपूर्ण शास्त्रीय पाहणीची मागणी केली. दरम्यान लावलेले नारळ फळास आले होते. १९७८ मध्ये असे दिसले की बेटावरील लोकांच्या शरीरातील सिझियम एका वर्षात ७५ टक्क्यांनी वाढले आहे. त्याच वर्षी सुमारे १४० माणसांना पुन्हा एकदा जहाजावर चढवण्यात आले. तात्पुरते म्हणून सोडलेले घर त्यांनी दुसऱ्यांदा सोडले.

रोंगेलॅपकर हे पाहत होते. १९७८ साली उत्तर मार्शल बेटांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये इंग्रजी व मार्शल भाषांतील पुस्तिकेत छापले गेले. आपल्या द्वीपसमूहातील काही बेटे बिकिनीइतकीच दूषित आहेत, हे लोकांनी त्यात स्वतःच्या भाषेत वाचले. ज्या जमिनीवर पंचवीस वर्षे मुले वाढवली, ती अशी! त्यांनी स्थलांतरासाठी सरकारकडे मदत मागितली; ती मिळाली नाही. अखेरीस, १९८५ च्या मे महिन्यात, त्यांचे लोकप्रतिनिधी जेटन अंजाइन यांच्या पुढाकाराने ग्रीनपीस संस्थेच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजाने अनेक फेऱ्या करून तीनशेहून अधिक माणसांना क्वाजालेन द्वीपसमूहातील मेजाटो बेटावर नेले. घरे मोडून त्यांच्या फळ्याही त्यांनी सोबत घेतल्या. पुढे जुलैमध्ये तेच जहाज ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी बुडवले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

या निर्वासनात एक नवी गोष्ट होती. पूर्वी दोन्ही वेळा ‘या’ आणि ‘जा’ हे शब्द सरकारने उच्चारले होते. या वेळी लोकांनी निर्णय स्वतः घेतला आणि परतण्याच्या अटीही स्वतः मांडल्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये रोंगेलॅपची स्थानिक सत्ता, मार्शल बेटांचे सरकार आणि अमेरिका यांच्यात करार झाला. निसर्गतः असणाऱ्या किरणोत्सर्गाव्यतिरिक्त वर्षाला १०० मिलिरेम, म्हणजे १ मिलिसिव्हर्ट, यापेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये, असे त्यात ठरले. मर्यादेचा आकडा महत्त्वाचा खराच. पण तो कोणाला लावायचा, हे आमच्या मते त्याहून महत्त्वाचे. करारात सरासरी माणूस धरलेला नाही. केवळ बेटावर पिकलेले अन्न खाणारा आणि सर्वांत अधिक मात्रा मिळणारा रहिवासी धरला आहे. तो सुरक्षित असेल तर बाकीचे सुरक्षित आहेतच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली या प्रश्नाचा आढावा घेतला, तेव्हा केवळ स्थानिक अन्नावर राहणाऱ्या काहींच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, असे तिने दाखवून दिले. म्हणजे करारातील कलम निरर्थक नव्हते.

बिकिनीच्या बाबतीतही निःपक्ष मत घेण्यात आले. मार्शल बेटांच्या सरकारच्या विनंतीवरून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तज्ज्ञांचा गट नेमला. डिसेंबर १९९५ मध्ये त्याची बैठक झाली आणि १९९८ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. बिकिनीवर राहून केवळ तेथलेच अन्न खाणाऱ्या माणसाला वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळेल. जगात सर्वसाधारण माणसाला निसर्गातून सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळते. तेव्हा काही उपाय न करता कायम वस्ती करू नये, असा सल्ला त्या गटाने दिला.

उपाय दोन होते. पहिला, वरची सगळी माती खरवडून काढणे. त्याने सिझियम जाते, परंतु कित्येक शतकांत पानापाचोळ्याने साठलेला सुपीक थरही जातो आणि मागे उघडी वाळू उरते. दुसरा उपाय आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचा: पालाश खत, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बिकिनीच्या बागांत प्रयोग करून दाखवले की झाडाला भरपूर पालाश मिळाले की ते सिझियम घेण्याचे बहुतांशी थांबवते. खताचा परिणाम मात्र कायमचा नाही. ते काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. म्हणून घरांभोवतीची माती खरवडून तेथे प्रवाळाची खडी पसरावी आणि बागांना पालाश द्यावे, असा मध्यममार्ग सुचवला गेला. रोंगेलॅपवर १९९८ पासून सुरू झालेले पुनर्वसनाचे काम याच पद्धतीने करण्यात आले. पुढे तेथे शरीरातील सिझियम मोजणारे यंत्रही बसवले गेले. मोजणीसाठी वर्षाकाठी येणाऱ्या जहाजाची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

मग लोक परतले का? फार थोडे. धक्के, घरे, रस्ते, विजेची सोय झाली, एक देऊळही दुरुस्त झाले. पण गाव उभे राहिले नाही. यास अनेक कारणे आहेत. मुलांच्या शाळा आणि आजाऱ्यांचे इस्पितळ माजुरो व क्वाजालेन भागात आहे. एक संपूर्ण पिढी दुसरीकडे जन्मली व वाढली. शिवाय, मुख्य बेटाची साफसफाई झाली तरी त्याच कंकणद्वीपातील उत्तरेकडील बेटे, जेथे पूर्वज नारळ आणि खेकडे गोळा करण्यास जात, ती तशीच राहिली. मुलाला अंगणात खेळ म्हणावे आणि शेजारच्या बेटावर जाऊ नकोस म्हणावे, हे दर्यावर्दी समाजाला कसे जमावे?

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे विश्वास. १९५७ साली ‘सुरक्षित’ म्हटले गेले. ते खोटे ठरले. १९६८ साली म्हटले गेले; तेही खोटे ठरले. तिसऱ्यांदा कदाचित ते पुष्कळ अंशी खरे असेल. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत रोंगेलॅपवरील परिसराचा किरणोत्सर्ग ठरलेल्या मर्यादेच्या आत आढळला. बिकिनीवर तो वर्षाला सरासरी १८४ मिलिरेम, म्हणजे मर्यादेच्या वर होता. २०१९ साली त्याच गटाने फळांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा दोन्ही द्वीपांवरील काही फळांत सिझियम अजूनही अधिक आढळले. काळाने बरेच केले आहे. पूर्ण केलेले नाही.

नुकसानभरपाईची कथाही अपुरीच राहिली. १९८६ च्या करारानुसार अमेरिकेने १५ कोटी डॉलरचा निधी दिला आणि दाव्यांसाठी न्यायाधिकरण स्थापन झाले. त्या न्यायाधिकरणाने २००१ साली बिकिनीला ५६ कोटींहून अधिक आणि २००७ साली रोंगेलॅपला १०० कोटींहून अधिक डॉलर मंजूर केले. निधीत तेवढा पैसा नव्हताच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बिकिनीकरांची याचिका ऐकण्यास नकार दिला.

या सर्व इतिहासातून आपण काय घ्यावे? विज्ञान खोटे आहे, असे त्यातून मुळीच निघत नाही. चूक विज्ञानानेच उघडकीस आणली आणि पालाशाचा उपायही विज्ञानानेच शोधला. परंतु मोजमाप कोणत्या प्रश्नापासून सुरू करायचे, हे यंत्र सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते. सरासरी पुरुष धरायचा की अंगावर पिणारे मूल? कचेरीतील तक्ता धरायचा की घरातील ताट? ज्याने बाँब फोडला त्यानेच जमीन निर्दोष ठरवायची की तिसऱ्या, निःपक्ष माणसाने? हे प्रश्न गणिताआधीचे आहेत, आणि ते विचारण्याचा पहिला अधिकार ज्यांना तेथे राहायचे आहे त्यांचा आहे. १९९२ च्या करारात हा अधिकार मान्य झाला, म्हणून आम्ही त्यास या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानतो.

बिकिनीकरांनी पुढे स्वतःचा ध्वज तयार केला. त्यावर त्यांच्या बेटांचे २३ पांढरे तारे आहेत, ब्राव्होने नाहीशा केलेल्या तीन बेटांचे तीन काळे तारे आहेत, आणि तळाशी त्यांच्या भाषेत ज्यूडाचे ते शब्द आहेत: सर्व काही देवाच्या हाती आहे. श्रद्धावंताच्या मुखी हे शब्द शोभतात. मात्र समोरच्याची श्रद्धा पाहून ज्याने त्याच्याकडून घर मागून घेतले, त्याची जबाबदारी या शब्दांनी संपत नाही. उलट ती वाढते. देवाच्या भरवशावर निघालेल्या माणसाचा हिशेब देवापुढेच द्यावा लागतो.

धरण असो, कारखाना असो वा खाण असो, ‘येथे राहण्यास धोका नाही’ असे कोणी म्हणाले की आपण नम्रतेने पण ठामपणे विचारावे: कोणासाठी धोका नाही, किती वर्षे नाही, आणि आपण स्वतः येथे राहून येथलेच पाणी प्याल काय? विचारण्यात उद्धटपणा नाही. असे दिलेले वचन हे अभयवचन असते, आणि अभय देणाऱ्याने त्यासाठी जामीन राहिले पाहिजे.